गोजरबाईंचं दुपारचं दुखणं

माझ्या थोरल्या जाऊबाई गोजरबाई खोटं बोलायला लागल्या त्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, आणि तेही सुनेला झोपू देण्यासाठी. मी अंगणवाडीत तीस वर्षं पोरं झोपवली, पण असलं झोपवणं कधी बघितलं नव्हतं.

त्यांची सून आरती पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे चारला उठून मैदानावर पळायचं, आल्यावर भाकरी, गुरं, कांद्याची खुरपणी, आणि संध्याकाळी पुन्हा पळायचं. आठशे मीटर तीन मिनिटांच्या आत यायला हवं होतं. पण संध्याकाळी तिचे पाय उचलायचेच नाहीत. भिंगारला राहणारे गहिनीनाथ सुभेदार लष्करातून निवृत्त होऊन आमच्याकडच्या पोरींना शिकवायला येतात. ते म्हणाले, "पोरी, पळून पाय दमतात. आराम केला की तयार होतात. दुपारी जेवून अर्धा तास झोपत जा. जास्त नको, अंग जड होतं."

सांगायला काय जातंय! आमच्या गावात भर दुपारी सून आडवी झाली तर संध्याकाळपर्यंत नेवाशात कळतं.

म्हणून दुसऱ्या दिवसापासून जाऊबाई डोक्याला फडकं बांधून, दार लोटून, आतून कण्हायला लागल्या. कोणी हाक मारली की म्हणायच्या, "डोकं लई ठणकतंय. आरती पाय चेपतीय. मागाहून या." आत आरती गाढ झोपलेली, आणि या तिच्या उशाशी बसून घड्याळाकडं बघत कण्हतायत.

मलाही ते खरंच वाटलं. आणि माझं तोंड मेलं कुठं गप्प बसतं? आठवडे बाजारात भेटेल त्याला मी सांगत सुटले, "जाऊबाईंचं काही खरं नाही बघा."

झालं! आजारी माणसाला बघायला लोक कधी येतात? शेतातलं काम थांबलं की, दुपारीच. केळी, बिस्किटांचे पुडे, शहाळी घेऊन पाहुण्यांची रीघ लागली. आरती डोळे चोळत उठायची आणि दहा-दहा जणांचा चहा टाकायची. भरतीला आठ दिवस राहिले, तेव्हा संध्याकाळी तिची वेळ तीन मिनिटं वीस सेकंदांवर गेली. घरी येऊन ती ओट्याशी बसली. "आत्या, जाऊ द्या. न्हाई जमायचं मला."

दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊबाईंचे थोरले भाऊ काकासाहेब टेम्पो भरून माणसं घेऊन आले, तेव्हा त्या उंबऱ्यात बसलेल्या. डोक्याला फडकं नाही.

"मला कायबी झालं न्हाई, दादा. सून झोपलीय. चहा मी टाकते, पण गुमान प्या."

"भर दुपारची झोपती? आन् तू राखण करती?"

"व्हय. चाळीस वर्षं मी दुपारी पाठ टेकली न्हाई. पोचले कुठवर? ह्या उंबऱ्यापतुर. तिला म्होरं जायचंय."

काकासाहेबांनी चहा घेतला नाही. माणसं तशीच टेम्पोत चढली. मी मात्र शरमेनं मान वर करू शकले नाही. त्या दिवसापासून रोज दुपारी घराच्या मागल्या बाजूचं फाटक मी सांभाळलं, आणि आलेल्या बाया परत धाडल्या.

भरतीच्या दिवशी आम्ही दोघी आरतीबरोबर नगरला गेलो. सकाळचं बोलावणं दुपारी तीनवर गेलं. बाकीच्या पोरी उन्हात येरझाऱ्या घालत होत्या. जाऊबाईंनी गेटाबाहेरच्या लिंबाखाली मांडी घातली, आरतीचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या तोंडावर पदर धरला. स्वतःला घड्याळ कळतं, तरी दर दोन मिनिटांनी मला विचारायच्या, "अर्धा तास झाला का गं?"

बरोबर अर्ध्या तासानं त्यांनी तिला उठवलं. तोंडावर पाणी मारून ती आत गेली. जाऊबाई उठायला गेल्या आणि परत मटकन बसल्या. "चांगुणा, पाय मेलाय माझा. तू जा, बघ."

मला कोण आत सोडतंय? पाऊण तास आम्ही त्या बंद गेटाकडं बघत बसलो. त्या पाय चोळत होत्या. मग आरती आली. एवढं पळून आलेली पोरगी गेटापासून आमच्यापर्यंत पुन्हा पळत आली.

"आत्या! दोन मिनिटं शेहेचाळीस सेकंद!"

"म्हंजी झालं का न्हाई? ते सांग आधी."

"झालं, आत्या. पळण्यात पुरे मार्क!"

जाऊबाई रडल्या. भर रस्त्यावर, पदर न लावता रडल्या. मग म्हणाल्या, "जरा टेकते गं," आणि आरतीच्या मांडीवर डोकं ठेवून तिथंच आडव्या झाल्या. मी या घरात येऊन पस्तीस वर्षं झाली. त्यांना दिवसाउजेडी झोपलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

थोड्या वेळानं मी हलवायला गेले, तर आरतीनं माझा हात धरला.

"काकू, नका उठवू."

"अगं, साडेचारची एसटी जाईल!"

"जाऊ द्या," ती म्हणाली, आणि सासूच्या तोंडावर तिनं आपली ओढणी धरली.