निवट्यांचं पाणी

निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा. डोळे डोक्यावर, पाण्यापेक्षा बाहेरच जास्त बसतो. आमच्यात त्याचं कालवण करतात. बायकोने एकदा कोपरच्या बाजारातून जिवंत निवट्यांचा वाटा आणलेला. त्यातल्या दोन पातेल्याच्या काठावर चढून तिच्याकडे बघत बसल्या. बाकीच्यांचं कालवण झालं, या दोघी राहिल्या.

तिने कुठूनशी काचेची जुनी टाकी आणली. एका बाजूला वाळू नि दगड, दुसऱ्या बाजूला चार बोटं पाणी, वर काचेचं झाकण. पाणी मचूळ लागतं, धड खारंही नाही, गोडंही नाही. रविवारी ती थोडं पाणी काढायची, आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या नळाच्या पाण्यात जाडं मीठ विरघळवायची, बोट बुडवून चाखायची नि ओतायची. मी टीव्हीपुढं बसलेलो असायचो.

"मी चाखू का?"

"नको. तुमची जीभ मिठागरातली. तुम्हाला समुद्रपण अळणी लागेल."

खोटं नव्हतं. माझा बाप मिठागरात राबला, चौथीनंतर मीही तिथंच गेलो.

ती गेली. दिवसकार्य उरकल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, त्या निवट्या खाडीत सोडा आता."

"आईने पाळल्यात. मरेपर्यंत इथंच."

"कोणाच्या मरेपर्यंत?"



झाकणाला तडा गेला म्हणून मी ते काढून टाकलं. उन्हाळ्याचे दिवस, पाणी भराभर उतरायचं. मी बायकोसारखं मीठ घालून पाणी करायचो नि टाकी भरायचो. महिन्याभरात एक निवटी दगडाखाली मेली. दुसरीची कातडी पांढुरकी पडली. भिजवलेला जवळा पुढ्यात टाकला तरी हलेना. मुलीला सांगितलं नाही.

एका सकाळी काचेवर पांढरी रेघ दिसली. नखाने खरवडून जिभेवर ठेवली. मीठ. ऊन पाणी नेतं, मीठ मागं ठेवतं. हे मी पोरवयात शिकलेलो, त्याच्यावर पोट भरलेलं. आणि घरात मिठावर मीठ ओतत होतो. आटलेल्या पाण्याच्या जागी बायको साधं पाणी घालत असणार. मी कधी बघितलंच नाही.

एकदम गोडं पाणी घातलं तर मासा जातो, एवढं कळत होतं. रोज एक तांब्या काढायचा, एक तांब्या साधं घालायचं, असं सुरू केलं. झाकणाला नवी काच कापून आणली. माझ्या जिभेचा भरवसा नव्हता, मुलीला बोलावलं.

"हे चाखू? शी!"

"आई चाखायची. आमटीपेक्षा किंचित खारट हवं. सांग."

तिने बोट बुडवलं. "आमटी फेकून द्यावी लागेल, बाबा."

आणखी आठवडाभर तांब्या चालू ठेवला. ती परत आली, चाखलं, म्हणाली, "आता चालेल."

निवटी दोन दिवस तशीच पडून होती. तिसऱ्या दिवशी दगडावर चढली. जवळा टाकला, खाल्ला.

मुलगी आता रविवारी येते, चाखते, चहा घेते नि जाते. खाडीत सोडा असं म्हणत नाही.