ओटीत तिलापिया

भानुमती खापरेच्या हातून उभ्या आयुष्यात एकदाही रस्सा बिघडला नव्हता, आणि हाच तिचा तोटा झाला होता. जिचा रस्सा अधूनमधून बिघडतो तिच्या घरात निदान बोलणं तरी होतं. खारट झालंय, पाणचट झालंय, लक्ष कुठं होतं तुझं, असं काहीतरी. जबलपुरात, भानुमतीच्या अधारतालच्या घरात ताट वाढलं जायचं, रिकामं व्हायचं, आणि भाऊराव हात धुऊन ओसरीवरच्या खुर्चीत जाऊन बसायचे. तोफांच्या कारखान्यात त्यांनी सारी नोकरी सुटे भाग तपासण्यात घालवली होती. माल चांगला असला तर मुकाट्यानं पुढं सरकवायचा, वाईट असला तरच तोंड उघडायचं, ही तिथली रीत. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, रीत सुटली नाही.

भाऊराव बोलायचे ते रविवारी, आणि तेही माशांशी. बरगीच्या अलीकडे एक ओढा नर्मदेला मिळतो. त्या ओढ्यावर काळ्या खडकांनी वेढलेला खोल डोह आहे, काठावर नर्मदामाईचं लहानसं देऊळ. डोहातले महाशीर म्हणजे माईची लेकरं, त्यांना गावात कुणी हात लावत नाही. सोनेरी खवल्यांचे, हातभर लांबीचे मासे सावलीसारखे वर यायचे. भाऊराव लाह्या टाकत त्यांची विचारपूस करायचे, "काय रे, मागच्या रविवारी दिसला नाहीस? तब्येत बरी ना?"

मागं सतरंजीवर बसून भानुमती ऐकायची. आवाज ऐकून बरंही वाटायचं आणि रागही यायचा. "मले नाही कधी विचारलं, दिसून राहिली का नाही ते," ती पुटपुटायची. तरी दर रविवारी डबा भरून बरोबर निघायची. नवऱ्याचा आवाज ऐकायला बसनं जावं लागतं, तर जावं.

मग एका वर्षी महाशीर दिसेनासे झाले. लाह्या टाकल्या की राखाडी रंगाचे, तळहाताएवढे, आडदांड मासे झुंडीनं यायचे आणि हपापून खायचे. भाऊरावांनी त्यांना नीट पाहून घेतलं आणि एक शब्द बोलले नाहीत. दोन-तीन रविवार गेले. लाह्यांची पिशवी खुंटीलाच लटकत राहिली, आणि घरात अशी शांतता पसरली की कुकरची शिट्टी झाली तरी भानुमती दचकायची.

तिनं वरच्या मजल्यावरच्या अमिताला गाठलं. अमिता अकोल्याची, जबलपुरात मासळीचा अभ्यास करायला आलेली भाडेकरू. ती रविवारी डोहावर आली, पाण्यात वाकून पाहिलं आणि म्हणाली, "काकू, हा तिलापिया. बाहेरचा मासा आहे. कुणीतरी आणून सोडला असेल. महाशीरची मादी दगडांच्या फटीत अंडी सोडते अन् निघून जाते. हा ती अंडी खातो. अन् याची मादी स्वतःची पिल्लं तोंडात धरून फिरते."

"तोंडात?"

"हो. धोका दिसला की पिल्लं आईच्या तोंडात."

भानुमतीचा मुलगा केतन बंगळुरूला होता, दिवाळीला फोनवर अर्धं मराठी बोलायचा. आपण महाशीर निघालो बाप्पा, तिला वाटलं. फटीत सोडलं अन् निघून आलो.

"मग उपाय काय?"

"पकडायचे अन् खायचे."

हे उत्तर भानुमतीला एकदम पटलं. तिचं माहेर नागपूरच्या कोष्ट्यांचं. सावजी मसाला तिनं हुंड्यासारखा आणला होता, पाट्यासकट.

अडचण पुजारीजींची होती. "डोह का हर जीव माई का है," ते म्हणाले. म्हणजे माईच्या पदराखाली महाशीर संपत होते आणि तिलापिया लठ्ठ होत होते.

भानुमतीनं पदर खोचला. "पुजारीजी, आपकी बेटी मायके आई, तो रहेगी, खाएगी. उसका हक है. पण तिच्यासोबत तिचा दीर आला, जाने का नाम नहीं लेता, आपके नातियों का दूध पी के बैठा है. तो वो भी आपका बेटा हो गया क्या?"

पुजारीजींच्या घरी जावयाचा भाऊ गेल्या पावसाळ्यापासून मुक्कामाला होता. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. "नहीं," ते फार मनापासून म्हणाले, "बिल्कुल नहीं." दोनच अटी त्यांनी घातल्या. जाळ्यात महाशीर आला तर हात जोडून परत सोडायचा, आणि चूल टेकडीपलीकडं मांडायची, वासाचा एक कणही देवळाकडं येता कामा नये.

असे रविवार सुरू झाले. अमिता जाळं टाकायची, भानुमती टेकडीपलीकडं जवसाच्या तेलात मसाला परतायची. आधी अधारतालचे शेजारी आले, मग शेजाऱ्यांचे साडू, मग सदरच्या छावणीतले फौजी कुटुंबासकट. घामानं चिंब होत, नाक पुसत, लोक तिलापिया संपवत होते. हिवाळ्याच्या अखेरीस एका सकाळी डोहावरून आवाज आला, "आलास का रे बाबा? एवढुसा कसा झालास?" खडकाच्या फटीतून बोटाएवढी, सोनेरी पिल्लं बाहेर आली होती. भानुमतीनं पाटा धुवायचा थांबवला आणि तशीच बसून ऐकलं.

घात केला तो चांगल्या माणसानं. योगेंद्रचं सदरमध्ये जेवणाचं हॉटेल होतं, लग्नाच्या पंगतीही तो करायचा. दर रविवारी पहिल्या पंगतीला बसायचा, भानुमतीला चाची म्हणायचा, जाताना पायाला हात लावायचा. एका रविवारी तो पाहुण्यांना घेऊन आला, एका बड्या घरच्या नवरीचे काका आणि त्यांचा गोतावळा. गाडीच्या मागं पाण्याचे मोठे कॅन होते.

"चाची, मन्नत मान ली है," तो हात जोडून म्हणाला. "आपका खाना खाकर इन लोगों ने शादी का ऑर्डर पक्का किया, तो माई के डोह में तिलापिया का बीज छोड़ूँगा. पूरे कैन. इतना खाया है माई का, लौटाना तो पड़ेगा ना!"

कॅनमध्ये बोटाच्या पेराएवढी असंख्य पिल्लं वळवळत होती. अमिताचा चेहरा उतरला. तिनं अंडी, फटी, झुंडी सगळं समजावलं. योगेंद्रनं आदरानं ऐकून घेतलं. "मैडम, साइंस अपनी जगह है. मन्नत तो मन्नत है." पुजारीजींनीही हात वर केले. माई आणि नवस करणारा यांच्यामध्ये पुजारी पडत नसतो.

भाऊराव काठावर बसून महाशीरच्या पिल्लांना लाह्या चुरून घालत होते. त्यांच्या कानावर अजून काही गेलं नव्हतं. भानुमतीनं त्यांच्या पाठीकडं पाहिलं. ओसरीवरची ती खुर्ची तिला दिसली, आणि खुंटीवरची पिशवी.

"अमिता," ती म्हणाली, "पाहुण्यांना जेवण आवडलं नाही, तर ऑर्डर नाही. ऑर्डर नाही, तर नवस नाही. मी रस्सा बिघडवते."

हे बोलणं सोपं होतं. तिनं मिठाची मूठ भरली आणि डोळे मिटून पातेल्यात सोडली. डोळे उघडून पाहते तर हातानं आपणहून कणकेचा गोळा रश्श्यात टाकलेला, मीठ ओढून घ्यायला. तिनं तो काढून फेकला. पुन्हा मीठ घातलं. हात लगेच लिंबाकडं गेला.

"काकू, काय करून राहिल्या?"

"मी नाही करून राहिली, हा हात करून राहिला! धर त्याला!"

शेवटी अमितानं तिचा उजवा हात धरला, आणि डाव्या हातानं भानुमतीनं उरलेलं मीठ ओतलं. ढवळताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. अमिताला वाटलं धुरानं.

पाहुणे बसले. नवरीच्या काकांनी पहिला घास घेतला, आणि त्यांचा चेहरा फोटो काढताना होतो तसा झाला. ते सबंध लोटा पाणी प्यायले. भानुमती आशेनं बघत होती. काकांनी मिशी पुसली, आजूबाजूला पाहिलं. सगळे त्यांच्याकडं बघत होते.

"वाह!" काका म्हणाले. "असली सावजी इसको कहते हैं. तीखा तो सब खिलाते हैं, ये नमक का अंदाज ही अलग है."

"नागपुर में ऐसा ही खाते हैं," दुसरा म्हणाला. तो नागपूरला कधी गेला नव्हता.

"पुरानी चीज है," तिसऱ्यानं सांगितलं आणि पुन्हा वाढून घेतलं. भानुमतीच्या नावापुढं कुणाच्या जिभेचं काही चाललं नाही. भाऊरावांनीही नेहमीसारखं ताट रिकामं केलं, हात धुतले आणि डोहाकडं निघून गेले. ऑर्डर पक्की झाली. योगेंद्रनं आनंदानं एक कॅन खांद्यावर घेतला.

भानुमती धावली. टेकडीच्या माथ्यावर, डोह अजून बराच खाली असताना, तिनं त्याला अडवलं. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. बोलण्याआधी तिनं पदर पुढं पसरला.

"योगेंद्र, माईला कुणी असं वरून ओतून देतं का? फेंकते तो कचरा हैं. आमच्यात देवीचं देणं सवाष्णीच्या ओटीत घालतात. माझी ओटी भर."

"गोद, चाची? मछली से?"

"नवस माशांचा बोलला, तर नारळ कुठून आणू?"

योगेंद्रनं देवळाकडून वर आलेल्या पुजारीजींकडं पाहिलं. पुजारीजींनी डोहाकडं पाहिलं, भानुमतीच्या पसरलेल्या पदराकडं पाहिलं, आणि बहुधा घरच्या त्या पाहुण्याची त्यांना आठवण झाली. "सुहागन की गोद भरी, तो माई को पहुँच गया," त्यांनी निकाल दिला. "और गोद में आया हुआ वापस नहीं होता."

योगेंद्रनं कॅन उपडा केला. सुती लुगड्यातून पाणी गळून गेलं, पिल्लं राहिली. भानुमतीनं पदराची टोकं घट्ट धरली. पोटाशी ती गार, जिवंत धडपड चालली होती. केतनच्या वेळी सातव्या महिन्यात असंच व्हायचं. क्षणभर तिला त्या तोंडात पिल्लं धरून फिरणाऱ्या मादीची आठवण झाली. मग तिनं अमिताला हाक मारली, "बेसन काढ. तेल तापव. अन् योगेंद्र, बाकीचे कॅनही घेऊन ये, ओटी अर्धी भरत नसतात!"

योगेंद्र डोळे पुसत दुसरा कॅन आणायला धावला. अशी भक्ती त्यानं कुठं पाहिली नव्हती.

ती ओला पदर सांभाळत चुलीकडं वळली, तेव्हा मागून पावलं आली. भाऊराव होते. माशांशी चाललेलं बोलणं अर्धवट टाकून आले होते.

"ऐकतेस का?"

भानुमती थांबली. "बोला."

"रस्सा खारट झाला होता."

तिनं वळून पाहिलं. "लई?"

"लई. घशाखाली उतरेना. अन् मसाला कच्चा राहिला. दगडफूल तर घातलंच नाही वाटते. लक्ष कुठं होतं तुझं?"

"मग आत्तापर्यंत बोलले काहून नाही?"

"बोलून राहिलो ना आता," भाऊराव म्हणाले, आणि बोलत राहिले. तेल जळकं होतं, भाकरीला पदर सुटला नव्हता, कांदा जाड चिरला होता, आणि मागं एकदा, केतनच्या बारशाला, वरणातही असंच काहीतरी झालं होतं, तेव्हा पाहुणे होते म्हणून ते गप्प बसले होते. भानुमती एकेक पाऊल मुद्दाम सावकाश टाकत चालली. चूल जवळ आली तशी ती आणखीच रेंगाळली. ओटी जड झाली होती, आणि ऐकायला अजून बरंच होतं.