दादा अमेरिकेला चाललाय

आमच्या ऑफिसात दुपारी डबे उघडले की मंडळी म्हणतात, "साहेब, दादांचा एखादा किस्सा होऊ द्या!" माझ्या मोठ्या भावाचे किस्से माझ्याकडे पोत्यानं आहेत. यात माझं काही कर्तृत्व नाही. एखादा माणूस सोळा वर्षं अमेरिकेला निघालेला असेल आणि सोळाही वर्षं आमच्याच घरात बसलेला असेल, तर किस्से साठणारच! मी सांगतो, लोक हसतात, मीही हसतो. हल्ली मात्र घरी परतताना द्वारका चौकातल्या सिग्नलला गाडी थांबली की तेच किस्से पुन्हा आठवतात आणि अजिबात हसू येत नाही.

आधी ओळख करून देतो. दादाचं नाव प्रकाश. लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पाय गेले. आधी कुबड्या, मग चाकाची खुर्ची. डोकं मात्र आम्हा तिघा भावंडांत त्याचंच तल्लख. मिक्सर, पंखा, इस्त्री, काहीही द्या, तासाभरात चालू! मधली ताई. नर्स होऊन अमेरिकेला गेली आणि तिकडचीच झाली. मी धाकटा, सरकारी ऑफिसात कारकून.

*

ताई सुट्टीला आली होती. आम्ही सगळे आईच्या घरी मटार सोलत बसलो होतो. आई एकदम म्हणाली, "माझ्या माघारी प्रकाशचं कोण बघणार?"

उत्तर द्यायचं काम खरं म्हणजे माझं होतं. मी नाशकात, पगार चालू, नवा फ्लॅट बांधून होत आलेला. "मी आहे ना," एवढंच म्हणायचं होतं. पण मी शेंग सोलत राहिलो.

शेवटी ताई म्हणाली, "मी नेईन त्याला. आता मला तिकडचं नागरिकत्व मिळालंय. भावाला स्पॉन्सर करता येतं."

तेव्हा कुठे मी तोंड उघडलं. म्हणालो, "फॉर्म कुठला भरायचा?"

ऑफिसात यावर हशा पिकतो. "साहेब, तुम्ही जन्मजात कारकून!" त्या दिवशी कुणी हसलं नव्हतं. आईनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली मान घालून मटार सोलायला लागली. ताईनं परत जाऊन फाइल टाकली. त्याच वर्षी आई गेली आणि दादा माझ्याकडे राहायला आला.

*

नवीन फ्लॅटचं काम तेव्हा शेवटच्या टप्प्यात होतं. दोन बेडरूम, हॉल, किचन. बिल्डरनं दादाला पाहिलं आणि आपणहून म्हणाला, "साहेब, यांच्यासाठी बाथरूमचं दार रुंद करून देऊ का? खुर्ची आत जाईल. आणि बाल्कनी आत घेतली तर एक छोटी खोलीही निघते."

मी म्हणालो, "कशाला? दादा जाणारच आहे!"

ताईच्या वकिलानं सांगितलं होतं की नंबर लागायला दहा-बारा वर्षं सहज जातात. मला वाटलं, वकील लोक वाढवून सांगतात. माझ्या टेबलावर फाइल सहा महिने राहिली तरी माणसं भांडायला येतात. अमेरिकेसारख्या देशात कसली आलीत बारा वर्षं! तेव्हा दादाचा दिवाण हॉलमध्ये टाकला. तात्पुरता.

खुर्ची बाथरूमच्या दाराशी अडायची. दोन दिवस दादा हातांवर सरकत आत गेला. तिसऱ्या दिवशी त्यानं माळ्यावरची जुनी बॅग मागून घेतली, तिची चाकं काढली आणि लाकडी पाटाला ठोकली. त्या पाटावर बसून सुळ्ळकन आत!

मी ओरडलो, "अरे, अमेरिकेला जायची बॅग मोडलीस!"

तो म्हणाला, "बॅग नंतर घेऊ. चाकं आत्ता लागताहेत."

तो पाट शेवटपर्यंत चालला. दार रुंद करायला एक गवंडी आणि दोन दिवस पुरले असते. दर दिवाळीला मी ठरवायचो आणि दर दिवाळीला ताईचा फोन यायचा की आता फार दिवस नाहीत.

*

तीन-चार वर्षांनी सिन्नरहून एक गृहस्थ आले. मुलगी मंगल, एका पायानं अधू, घरीच शिवणकाम करायची. मिक्सर दुरुस्तीला घेऊन ती दोनदा आमच्याकडे येऊन गेली होती. मिक्सर दुसऱ्यांदा मुळीच बिघडला नव्हता, हे दादानं मला नंतर सांगितलं.

वडील म्हणाले, "पोरगी लय गुणाची हाय. तुमच्या भावाला सांभाळील, आन् त्यो बी तिला सांभाळील. दोघांचं होऊन जाईल."

दादा खाली बघून इस्त्रीचा स्क्रू पिळत होता. तो केव्हाच घट्ट बसला होता.

मी ऑफिसातल्यासारखा घसा साफ केला. "त्याचं काय आहे काका, दादाची अमेरिकेची फाइल अविवाहित म्हणून गेलीय. लग्न केलं तर फाइल बिघडेल."

हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही! मी ताईला विचारलंही नाही. फाइलमध्ये एकदा जे लिहिलं ते बदललं की घोटाळा होतो, हा माझा नोकरीतला अनुभव, तो मी अमेरिकेला लावला. काका चहा घेऊन उठले. दाराशी थांबून दादाला म्हणाले, "मंग सुखानं जा बाबा तिकडं."

*

माझ्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. हॉल आवरायचा म्हणजे दादाला आवरायचं. दिवाणाखाली पंख्यांची पाती, वायरी, सोल्डरिंगचा वास. बायको हळूच म्हणाली, "भाऊजींना तासभर मुलांच्या खोलीत बसवू या का?" मी उशांचे अभ्रे बदलत राहिलो. दादानंच ऐकलं आणि म्हणाला, "अगं, माझ्यावर चादर टाक. मी सोफा दिसतो!"

शेवटी तो हॉलमध्येच बसला. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "हे कोण?"

मी घाईघाईनं म्हणालो, "माझे मोठे भाऊ. अमेरिकेला चाललेत."

पाहुण्यांचे चेहरे एकदम बदलले. मुलाची आई खुर्ची पुढे ओढून बसली. "अरे वा! कधी निघताय?"

दादा गंभीरपणे म्हणाला, "निघून तेरा वर्षं झाली. विमान जरा लेट आहे."

लग्न जमलं! व्याही आजही म्हणतात की त्या एका वाक्यावर आम्ही सोयरीक केली. मांडवात दादा सगळ्यात पुढे होता आणि प्रत्येकजण त्याला एकच प्रश्न विचारत होता, "अजून गेला नाहीत?"

*

आणि एक दिवस नंबर लागला. ताई फोनवर रडत होती. कागदपत्रांचा ढीग झाला. जन्मदाखला, पोलिसांचा दाखला, फोटो. फॉर्म भरायला अर्थात मी बसलो. आयुष्यात एवढ्या काळजीनं दुसरा फॉर्म भरला नसेल.

एका पानावर रकाना होता: पत्नी, आणि ती सोबत येणार आहे का.

मी चरकलो. ताईला फोन लावला. "हे कशाला विचारतात? लग्न झालेलं चालत नाही ना?"

ताई म्हणाली, "चालतं की! भावाच्या फाइलवर बायकोही येते. का रे?"

"काही नाही," म्हणालो आणि फोन ठेवला. स्पीकर चालू होता. दादा दिवाणावरच बसला होता, त्याला सगळं ऐकू गेलं होतं.

मग तोच म्हणाला, "लिही ना. अडलास का?"

"काय लिहू?"

"तुमच्या ऑफिसात काय लिहितात? निरंक."

मी निरंक लिहिलं. मग तो फॉर्म इंग्रजीत आहे हे लक्षात आलं, तेव्हा खोडून पुन्हा लिहिलं. "चुकलं माझं." इतक्या वर्षांत हे मी त्याला एकदाही तोंडानं म्हटलेलं नाही. त्या संध्याकाळी म्हणता आलं असतं. मी विचारलं, "चहा टाकू का?"

*

आता तो पोचलाय. तीन महिने झाले. विमानतळावर खुर्ची ढकलायला दोन माणसं आली, तर म्हणाला, "एवढ्या लोकांनी आधीच ढकललं असतं तर केव्हाच पोचलो असतो!"

पहिल्या रविवारी व्हिडिओ कॉल आला. मला वाटलं, मॉल दाखवेल, बर्फ दाखवेल. त्यानं खोली दाखवली. पलंग, खिडकी, टेबलावर ताईचा उघडून ठेवलेला मिक्सर. मग खुर्ची फिरवून दाराकडे गेला.

"हे बघ," म्हणाला आणि दार लावलं. उघडलं. परत लावलं. "आतून कडी पण आहे!"

बायको किचनमध्ये निघून गेली. पंचावन्न वर्षांचा माणूस मला कडी दाखवत होता आणि मी म्हणत होतो, "छान आहे, छान आहे."

हॉलमधला दिवाण आम्ही काढला. येणारे-जाणारे म्हणतात, हॉल केवढा मोठा दिसतो! पाट मात्र मी टाकू दिला नाही, तो बाथरूमच्या दाराशी भिंतीला टेकवून ठेवलाय.

*

एक किस्सा मी ऑफिसात सांगत नाही. सगळ्यात भारी तोच आहे.

मुंबईला व्हिसाची मुलाखत होती. दादाला मदतनीस म्हणून मला सोबत आत सोडलं. महिनाभर आम्ही तालीम केली होती. मी साहेब व्हायचो, दादा उत्तर द्यायचा. कुणाकडे जाणार? ताईकडे. ती काय करते? नर्स आहे. आता कुठे राहता? नाशिकला, धाकट्या भावाच्या कुटुंबाबरोबर. सगळं इंग्रजीत, पाठ, घडघडा. दुभाषी म्हणून मराठी सांगणारी एक मुलगी काचेपलीकडे बसलेली असते, हवं तर मराठीतही बोलता येतं.

काचेमागे एक तरुण अधिकारी बाई होत्या. हसतमुख. दादानं दोन प्रश्नांची उत्तरं इंग्रजीत फटाफट दिली. मी मागे उभा राहून मनातल्या मनात मार्क देत होतो.

तिसरा प्रश्न आला. आता कुठे राहता?

दादानं खुर्ची काचेच्या जरा जवळ घेतली. मग मराठीत म्हणाला, "हॉलमध्ये."

मराठी सांगणाऱ्या मुलीनं मान वर केली. "काका, त्या पत्ता विचारताहेत."

"हो, तेच सांगतोय," दादा अगदी साधेपणानं म्हणाला. आवाजात राग नाही, काही नाही. "भावाच्या हॉलमध्ये. तात्पुरता आहे."

तिनं इंग्रजीत सांगितलं. बाईंचं हसू थोडं कमी झालं. त्यांनी हळू आवाजात काहीतरी विचारलं.

"तात्पुरते म्हणजे किती दिवसांपासून, असं विचारताहेत."

दादानं खुर्ची वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. पत्त्याच्या डावात आपला भिडू बघतो तसं, हसून. "किती रे झाली?"

"सोळा वर्षं," मी म्हणालो.

मुलीनं तेवढंच इंग्रजीत सांगितलं. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ते लिहून घेतलं.