चापाला टांगलेलं वजन

नेमबाजीच्या स्पर्धेआधी प्रत्येक पिस्तुलाची तपासणी होते. पिस्तूल उभं धरून चापाला एक किलोचं वजन अडकवतात. ते उचलताना चाप सुटला, तर तो फार हलका म्हणून पिस्तूल बाद. काल माझ्या बायकोचं, सुनंदाचं, पिस्तूल पंचांच्या हातात होतं आणि श्वास मी रोखून धरला होता.

दवाखान्यातल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर तिने हा छंद धरला. दुकानदार महागडं, देखणं पिस्तूल पुढे करत होता. तिने चार-पाच हातात धरून पाहिली आणि साधंच निवडलं. "हे मनगटाला ओढत नाही," म्हणाली. लाकडी मूठ तिच्या लहान पंजाला मोठी होती, म्हणून महिनाभर ती काचकागदाने घासत बसली. सराव झाला की आधी नळी पुसायची, मगच चहा.

वजन वर उचललं गेलं. चाप हलला नाही.

"बाई, चाप कुणाकडून जुळवून घेतलात?" पंचांनी विचारलं.

"मीच जुळवलाय."

त्यांनी शेजारच्या पंचांना बोलावून ती मूठही दाखवली.

आयुष्यभर आपण दुसऱ्यांनी बेतलेल्या वस्तूंत आपला हात बसवत राहतो. आपल्या हातावर बेतलेली एखादी वस्तू असली, की माणूस कसा ताठ उभा राहतो, ते मला तेव्हा दिसलं.

सुनंदाचा नंबर सातवा आला. तो मी अजून कुणाला सांगितलेला नाही. पंचांनी काय विचारलं आणि ती काय म्हणाली, तेवढंच सकाळपासून सांगत फिरतोय.