एव्हिसची आजी

एव्हिस ग्रीनवुडला सगळं तिच्या आजीने शिकवलं, हे आम्हाला पाठ होतं. कुठली मुळी कधी खणायची, पौर्णिमेला चंद्रापुढे काय म्हणायचं, सगळं आजीने शेगडीपुढे बसवून दिलेलं. आम्ही जुन्या देवांना मानणारी माणसं, म्हणजे पेगन, दर महिन्याला एका गुरुवारी इंग्लंडातल्या आमच्या टॉडमॉर्डन गावी कालव्याकाठी एका पबच्या माडीवर जमतो. नवं कुणी आलं की टेबलाभोवती एक फेरी होते आणि प्रत्येकाने आपण या वाटेला कसे लागलो ते सांगायचं. फेरी एव्हिसपाशी संपायची. तिच्या आजीनंतर बोलण्यासारखं काही उरायचंच नाही.

बाई मायाळू. कुणाकडे बाळंतपण असो की मयत, पहिलं सूपाचं भांडं तिचं पोचायचं. पण अलीकडे एक घोर तिच्या जिवाला लागला होता. आम्ही सगळे पेन्शनवाले. मे महिन्यात उन्हाळ्याच्या स्वागताला टेकडीवर होळी पेटवायची तर लाकडं वर न्यायला कुणाच्या गुडघ्यात बळ नव्हतं. आपल्यामागे ही आग कोण पेटवणार, असं ती भांडी पुसता पुसता मला विचारायची.

आणि त्याच हिवाळ्यात कॉर्टनी आली. शाळा नुकतीच सुटलेली, केशकर्तनाचं काम शिकणारी पोरगी. काळी लिपस्टिक, गळ्यात चांदणीचं लॉकेट आणि अंगावर मखमली झगा. तो आईच्या जुन्या पडद्यांचा शिवलेला होता, वरच्या कडेला पडद्याच्या कड्यांच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या. मला तर ती बघताक्षणी आवडली. असा झगा घालून या गावात बसमधून यायला छाती लागते.

फेरी तिच्यापाशी आली तेव्हा तिने आढेवेढे न घेता सांगितलं की चेटकिणींची एक मालिका पाहिली, सगळे भाग दोनदा पाहिले, आणि वाटलं की असं खरंच काही असेल तर आपल्याला हवंय. टेबलावर खसखस पिकली. नॉर्मनने, आयुष्यभर बस चालवलेल्या माणसाने, विचारलं, "झाडू खाली लावून आलीस ना, पोरी? इथे पार्किंगचे पैसे पडतात." तीही हसली. कान मात्र लाल झाले.

मग एव्हिसने आजी सांगितली, नेहमीसारखीच छान. कॉर्टनी तोंड उघडं टाकून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "माझ्याकडे अशी आजी नाही. माझी बिंगो खेळते. मग मला चालेल का?"

एव्हिसने तिचा हात थोपटला. "अशा गोष्टी रक्तात याव्या लागतात, बाळ. मालिका संपते, मग हौसही संपते."

बोलली गोड आवाजात. पोरीने सरबत संपवलं, आमच्याबरोबर खुर्च्या रचून ठेवल्या, सगळ्यांना नीट निरोप दिला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एव्हिस माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. मी आल्याचा केक करत होते. तिने चहाला तोंड लावलं नाही. मग एकदम म्हणाली, "माझी आजी चर्चला जाणारी गं. ख्रिस्ती, कडक. घरात पत्ते दिसले तरी गुडघे टेकून प्रार्थना सुरू."

मी ओव्हन बंद केला आणि बसले.

ती या वाटेला खरी लागली होती ती एका भुताच्या सिनेमाने. सोळाव्या वर्षी, शनिवारच्या खेळाला. झिरझिरीत झग्यातली एक नटी आगीभोवती नाचत होती आणि एव्हिसला वाटलं, मला हिच्यासारखं व्हायचंय. विचारत विचारत ती एका म्हाताऱ्या जोडप्याच्या दारात पोचली. त्यांनी काहीच विचारलं नाही. हातात बटाटे सोलायची सुरी दिली आणि म्हणाले, लोक यायचेत, हात चालव. आजी गोष्टीत पुढे कधीतरी आली. त्या काळी या वाटेवरच्या सगळ्यांनाच अशी एक आजी असायची. सिनेमाचं नाव कोण घेणार?

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता जाऊन त्या मुलीला हे सांग. ती म्हणाली, पुढच्या बैठकीला येईलच की, तेव्हा सगळ्यांसमोर सांगते.

कॉर्टनी आली नाही. त्यापुढच्या महिन्यातही नाही. मे महिन्यात होळी टेकडीखालीच, नॉर्मनच्या परसात, जुन्या पिंपात पेटवली.

तेव्हा कुठे एव्हिस बाजारातल्या केशकर्तनालयात गेली. जन्मभर स्वतःचे केस स्वतः कापलेली बाई. मला सोबत नेलं होतं. कॉर्टनीने तिची मान बेसिनवर टेकवली आणि एव्हिसने डोळे छताला लावून सगळं सांगितलं, आजी, सिनेमा, बटाटे. पोरगी शांपू चोळत होती. हात थांबले नाहीत.

"पाणी फार गरम नाही ना?" तिने विचारलं.

"नाही. तू ये ना परत."

कॉर्टनीने टॉवेल गुंडाळला, नीट, कानाला न ओढता. "ते मी सोडलं हो. झगा भावाला दिला हॅलोविनला." मग टॉवेलचं टोक खोचत, "तेव्हा सांगितलं असतंत तर राहिले असते मी."

रागाने नाही म्हणाली. तेच एव्हिसला जास्त लागलं.

आता नवं कुणी नसलं तरी फेरी होते, आणि ती एव्हिसपासूनच सुरू होते. भुताचा सिनेमा, ती सांगते, आणि नॉर्मनही हसत नाही. पण फेरीत सगळे जुनेच चेहरे, कुणाला काय सांगायचं? केस धुवायला मात्र ती दर महिन्याला जाते, डोक्यावर धुण्यासारखे फारसे उरले नसले तरी. कॉर्टनी तिला हवापाणी विचारते, सुट्टीत कुठे जाणार ते विचारते. होळीचं विचारत नाही. "विचारेल," एव्हिस परत येताना म्हणते, आणि ओले केस टोपीखाली खोचते.