पाच टाळ्यांचं क्रियापद

समस्त वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, साठच्या दशकात सांगली मुक्कामी एका फ्रेंच क्रियापदाने माझं जमत आलेलं लग्न मोडलं. क्रियापदाचे पाच तुकडे होते आणि मला त्यातले दोनच बोलता येत होते.

झालं असं, की संस्कृतच्या धाकाने मी कॉलेजात फ्रेंच घेतलं. लिहिण्यात पटाईत, बोलण्यात ठार. मलकापूरहून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निरोप धाडला : तोंडी परीक्षेत नापास झाली तर कॉलेज बंद आणि म्हसवडचं स्थळ पक्कं. मुलाचे मामा परीक्षेच्या दिवशीच मला बघायला येणार होते. एका खेपेत दोन्ही कामं उरकावीत, असा आबांचा बेत.

माझा वैरी होता ‘नू रकोमाँसर्‍यों’. अर्थ साधा, जमलं तर आम्ही पुन्हा सुरुवात करू. फ्रेंचचे सर सांगत, की ‘नू’ म्हणजे आम्ही, ते सोडा, बाकीचे तुकडे पाडा : र, को, माँ, स, र्‍यों. प्रत्येक तुकडा सारख्या वजनाचा, फक्त शेवटचा किंचित लांबवायचा. मी मात्र पहिल्या तुकड्यावरून उडी मारायची ती थेट शेवटच्यावर. मधले गिळले जायचे.

मी सांगलीत आत्याकडे राहायची. तिला फ्रेंच हा देश की मिठाई, याचाही पत्ता नव्हता, पण झिम्म्यात तिचा हात धरणारी बाई गल्लीत नव्हती. आठवडाभर माझी धडपड ऐकून तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "टाळीबिगर कसं बसंल गं ते? ऊठ, पदर खोच."

मग रोज संध्याकाळी आमचा झिम्मा. एका तुकड्याला एक टाळी, शेवटच्या तुकड्याला टाळीबरोबर पायाचा दणका. चार दिवसांत क्रियापद माझ्या तळव्यांत जाऊन बसलं. अडचण एवढीच, की ते तिथून तोंडात यायला तयार नव्हतं. हात स्वस्थ ठेवले, की मधले तुकडे पुन्हा गायब.

परीक्षेला पुण्याहून टाय लावलेले गृहस्थ आले होते. त्यांनी नेमकं तेच क्रियापद पुढे केलं. मी दोनदा गिळलं. त्यांनी पेन उचललं. मला त्या पेनाच्या टोकावर अख्खं म्हसवड दिसलं. मग मी उभी राहिले, पदर खोचला आणि म्हटलं, "सर, एकदा पुन्हा." चार टाळ्या, पाचवीला दणका. टेबलावरची दौत हलली, पण पाचही तुकडे स्वच्छ बाहेर पडले. गृहस्थांनी आणखी तीन क्रियापदं विचारली. तीही मी नाचून सांगितली. डोळे पुसत ते म्हणाले, "पास."

मागे वळले तर खिडकीबाहेर आबा आणि जाडजूड फेट्यातले मामा. पाहुणा समोर दिसताच, पास झाली तर शिकू देण्याचा आपला शब्द आबा विसरले. पोरगी तशी गरीब आहे, कामाला वाघ आहे, असं काहीबाही सांगू लागले. मामांची नजर माझ्या पायांवरून हलत नव्हती. त्यांनी फेटा सावरला आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं बोलून गेले, "आवं पावनं, हिला तुमी शिकवाच. आमचं घर मातीचं हाय."