आश्विनातली विहीर

जो माणूस विहिरीच्या काठावर उभा राहून बाटलीतलं पाणी पितो, त्याच्याकडून पाण्याचा अहवाल लिहून घेऊ नये. हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी त्याच्या हाताखाली नोकरीला होतो आणि मोजायची दोरी माझ्याच हातात होती.

नाशिकमध्ये आमचं सल्लागारांचं ऑफिस आहे. कुणाला काही उभारायचं असलं की त्यामुळे पर्यावरणाला धक्का लागणार नाही, असं आम्ही जाड कागदावर छापून देतो. मी मोजमापं घेतो, नकाशे काढतो आणि गावकऱ्यांशी बोलायची वेळ आली की मला पुढे करतात. त्या वर्षी सिन्नरच्या बाजूला एका माळावर डेटा सेंटर यायचं होतं. तेही साधंसुधं नाही, शाश्वत. हा शब्द मीटिंगमध्ये इतक्यांदा ऐकला की मला त्याची शिसारी आली. पडद्यावर रंगीत चित्रं दाखवताना साहेब आमच्या मुलखाला 'उदयोन्मुख बाजारपेठ' म्हणायचा. माझी थोरली बहीण कित्येक वर्षं नाशिकच्या फुलबाजारात गुलाब पाठवत होती. बाजार आत्ता कुठे उगवतोय, हे तिला कुणी कळवलं नव्हतं.

ताई त्याच माळाच्या खालच्या अंगाला राहते. तिच्या विहिरीत चार भाऊबंदांचा वाटा आहे. दर चौथ्या दिवशी तिची पाळी, त्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत मोटर तिची. त्या पाळीवर तिचा गुलाबाचा मळा उभा होता. हारात ओवतात तो गावठी गुलाब. दाजी गेल्यावर तिने एकटीने लावला आणि त्यावरच तिचं घर चालत होतं. हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

साहेब तिची विहीर बघायला आला दसरा झाल्यावर. हे लोक नेहमी तेव्हाच येतात. रस्ते वाळलेले असतात, डोंगर हिरवे असतात, फोटो छान येतात. आश्विनात आमच्याकडच्या विहिरी तुडुंब असतात आणि चैत्रात पाणी तळाला जातं, हे इथे शाळेत न गेलेल्यालाही माहीत असतं. परदेशात शिकून आलेल्या या माणसाला मात्र वाटत होतं, की पाणी एकदा दिसलं म्हणजे ते बाराही महिने तिथेच बसून राहतं. मी दोरीला दगड बांधून आत सोडला. दोन हात दोरी सुटली नाही तोच दगड पाण्यात बुडाला. साहेबाने खुशीत मान हलवली आणि बाटलीतून घोट घेतला.

ताई गोठ्यातून हात पुसत आली.

"आत्ता काय मोजता साहेब? आत्ता कुठलीबी हीर भरलेलीच दिसंल. चैतात या."

साहेबाला मराठी चांगलं येत होतं, पण गावात गेल्यावर तो न कळल्यासारखा चेहरा करायचा. मी तिचं म्हणणं त्याला पुन्हा सांगितलं. फॉर्ममध्ये उन्हाळ्यातल्या पातळीचा रकाना होताच. तो म्हणाला, त्यांनाच विचार.

"सहा परस खाली जातं," ताई म्हणाली. "मग कडंचा खडक दिसाया लागतो, पर पाळीपुरतं पाणी ऱ्हातं."

उभ्या माणसाने हात वर केला की होते तेवढी खोली म्हणजे एक परस. आमच्याकडे विहिरी अशाच मोजतात. साहेबाने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच काही गावंढळ बोललो होतो. "हे काय माप झालं? लेखी काही आहे का? नसेल तर तो रकाना काढून टाक."

त्या सेंटरमध्ये ठेवणार तरी काय, असं ताईने मला विचारलं. लोकांचे फोटो, निरोप, कागदपत्रं, मी सांगितलं. ते सांभाळणारी यंत्रं तापतात, त्यांना गार ठेवायला पाणी लागतं.

"आपल्या कांद्याला चाळीत नुसता वारा पुरतो," ती म्हणाली. "यांच्या फोटूला पाणी लागतं व्हय?"

साहेब हसला आणि त्याने वहीत 'स्थानिक ज्ञान' असं काहीसं लिहून घेतलं. पुढे अहवालाच्या मुखपृष्ठावर ताईचाच फोटो छापला, भरल्या विहिरीच्या काठावर, पदर सावरताना. उन्हाळ्याचा रकाना मी ऑफिसात बसून एक बटण दाबून पुसला. घाबरून पुसला असता तर निदान स्वतःची कीव तरी आली असती. कशाला कटकट, एवढाच माझा विचार होता. साहेबाइतकाच मला माझाही तिरस्कार वाटतो तो यामुळे.

इमारत झपाट्याने उभी राहिली. छपरावर सौर पॅनल, भिंतीवर वेली, फाटकाशी हिरवळ आणि त्या हिरवळीवर भर दुपारी गरगर फिरणारे फवारे. बाहेर निसर्गाशी नातं जोडल्याची पाटी. मागच्या बाजूला, पाटीवरून दिसणार नाहीत अशा, खोल बोअरवेल.

सेंटर सुरू झाल्यावर पहिल्याच चैत्रात ताईचा फोन आला. पाळी तिची होती आणि मोटर अर्ध्या तासात हवा ओढायला लागली होती. आधी भाऊबंदांमध्येच भांडणं झाली, पाळी नसताना कोण मोटर चालवतो म्हणून. मग सगळ्यांच्याच मोटरी तशा बंद पडायला लागल्या, तेव्हा माळाकडे बोट गेलं.

मी साहेबाकडे गेलो. त्याने सगळं शांतपणे ऐकलं. "पाणी कमी झालं म्हणतोस. आधी उन्हाळ्यात किती असायचं? अहवालात आकडा दाखव."

आकडा नव्हता. कुठे गेला, हे त्या खोलीत आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्याने सहानुभूतीने ओठ मुडपले आणि फोन उचलला. हा माणूस मला कधीच आवडला नव्हता, पण त्या क्षणी माझ्या लक्षात आलं, की त्याचं काम सोपं करून देणारा मीच होतो.

रविवारी मी तीच दोरी घेऊन गावाकडे गेलो. या खेपेला कुणी पाठवलं नव्हतं. दगड खाली जात राहिला आणि शेवटी खडकावर आपटल्याचा कोरडा आवाज आला. वर ओढला तर दगड वाळलेलाच होता. मी डायरी काढून तारीख लिहिली.

मळ्यात ताई कुदळीने गुलाबाची खोडं उपटत होती. बांधाशी वाळक्या काट्यांचा ढीग लागला होता. तिने माझ्याकडे पाहिलं, मग डायरीकडे.

"आता कुणासाठी मोजतो रं?"

पुढच्या वेळी पुरावा म्हणून, असं काहीतरी मी बोललो. तिला राग आला असता तर बरं वाटलं असतं. तिने पदराला हात पुसले, माझ्या हातातली दोरी घेतली आणि टोकाचा दगड सोडून बांधावर ठेवला. मग ती दोरी खोडांच्या ढिगाखालून सरकवली.

"मोळी बांधाया दोर नव्हता," ती म्हणाली. "त्या अंगाला ये. वढून धर."

मी डायरी खिशात घातली आणि ओढून धरलं.